किलोमीटर नंतर, आधी बसून पाहा

इलेक्ट्रिक दुचाकी घेताना चढणं-उतरणं, आराम आणि ताकद कशी पारखायची

दिवाळीच्या तोंडावर आम्ही लोहाऱ्याहून यवतमाळात इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलो. मी आठ-दहा प्रश्न कागदावर लिहून नेले होते. एका चार्जमध्ये किती किलोमीटर, बॅटरी किती वर्षं टिकते, मोबाइलला जोडता येते का. विक्री करणाऱ्या पोरानं सगळ्यांची पटापट उत्तरं दिली. माय तेवढा वेळ खुर्चीवर बसून होती. मग उठली, लुगडं सावरत गाडीजवळ गेली आणि म्हणाली, "ते किलोमीटर राहू दे बाबू. मले चढता येते का, थे पाह्य आधी."

तिला चढता आलं नाही. मागच्या माणसाचं पायटेकण तिच्या गुडघ्याच्या मानानं उंच होतं. एक पाय त्यावर ठेवून अंग वर उचलायचं, तर धरायला हाताशी काही नाही, आणि गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली. दोनदा प्रयत्न करून ती थांबली. गाडी चांगलीच होती, पण आमच्या घरासाठी नव्हती. माझ्या कागदावरच्या दहा प्रश्नांत हा एक प्रश्न नव्हता.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी हाच क्रम सांगतो. आधी चढणं-उतरणं, मग बसणं, मग ताकद आणि सगळ्यात शेवटी किलोमीटर. लोहाऱ्याहून यवतमाळच्या दत्त चौकात जायला चार-पाच किलोमीटर पडतात. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याचं रोजचं येणं-जाणंही वीस किलोमीटरच्या वर क्वचितच जातं. तेवढं अंतर आज बाजारातली कुठलीही नोंदणीकृत इलेक्ट्रिक गाडी सहज काढते. गुडघ्याला मानवेल अशी गाडी मात्र शोधावी लागते.

घरून माप घेऊन जा

शिंप्याकडे जाताना आपण जुना ब्लाउज सोबत नेतो. गाडी घ्यायला जातानाही माप न्यावं. जो गाडी चालवणार त्याला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड वही आडवी धरून वर सरकवा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ही पायाची आतली लांबी. पाच फूट उंचीच्या बाईची ती साधारण ७० सेंटिमीटर, म्हणजे ७०० मिलिमीटर भरते.

आता गाड्यांची सीट जमिनीपासून किती उंच असते ते बघा. सगळ्यांच्या ओळखीची पेट्रोलची अ‍ॅक्टिव्हा ७६४ मिलिमीटरच्या आसपास आहे. कायनेटिकची ई-लूना ७६०, टीव्हीएसची आयक्यूब ७७०, एथरची रिझ्टा ७८०. रिव्होल्टची आरव्ही ४०० ही मोटारसायकल असल्यानं ८१५च्या आसपास जाते. वजनानं गाडी थोडी दबते आणि चपलेचे एक-दोन सेंटिमीटर मिळतात, त्यामुळे पाच फुटांच्या बाईचे पाय स्कूटरवर चवड्यांवर टेकतात. तेवढ्यावर बहुतेकींचं भागतं. मोटारसायकलवर तिला एकाच पायाच्या बोटांवर गाडी तोलावी लागेल.

नुसत्या उंचीवर मात्र जाऊ नका. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपासून आणखी वर राहतात. म्हणून ७७० मिलिमीटरची रुंद सीट ७८०च्या निमुळत्या सीटपेक्षा उंच वाटू शकते. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, बसल्यावरच कळतं.

पाय टाकायचा की पाय आत घ्यायचा

दुचाकीवर बसायच्या दोन तऱ्हा आहेत. मोटारसायकलवर एक पाय मागून फिरवून पलीकडे टाकावा लागतो. तेवढा वेळ अंगाचा सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर येतो. स्कूटरवर किंवा लूनावर मधली जागा मोकळी असते, तिथून पाय आत घेतला की झालं. गुडघे दुखणाऱ्याला, साडी-लुगडं नेसणारीला आणि धोतर नेसणाऱ्यालाही दुसरी तऱ्हा सोपी.

शेतकऱ्याला याचं आणखी एक कारण माहीत असतं. मागे कॅरिअरवर युरियाचं ४५ किलोचं पोतं बांधलं, की मोटारसायकलवर पाय टाकायला वाटच उरत नाही. मग टाकीवरून पाय काढताना माणूस आणि पोतं दोन्ही कलंडतात. १९७२ साली आलेली लूना गावोगाव पसरली त्यात या मोकळ्या मधल्या जागेचा मोठा वाटा होता. दुधाची कॅन असो की भाजीची पाटी, बसणाऱ्याला ती अडत नव्हती. पुण्याच्या कायनेटिक ग्रीननं फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच ठेवण विजेवर आणली. १६ इंची चाकं, मागची सीट काढून तिथे सामान ठेवायची सोय आणि दीडशे किलो भार घेण्याची क्षमता, असा तिचा बेत आहे. वजन ९६ किलो. दिसायला साधी, पण पोतं आणि गुडघा दोन्ही असलेल्या घरानं ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्कूटर बघताना पाय ठेवायच्या फळीची उंचीही बघा. काही गाड्यांत बॅटरी सीटखाली असते, काहींत फळीखाली. बजाजनं डिसेंबर २०२४ मध्ये आणलेल्या चेतकच्या ३५ मालिकेत ती फळीखाली गेली. त्यामुळे डिकी मोठी झाली आणि वजन खाली राहिल्यानं गाडी वळणावर स्थिर राहते. पण ज्या गाडीत बॅटरी फळीखाली असते तिथे फळी किती वर आली आहे हे बघावं लागतं. पाय तेवढा जास्त उचलावा लागतो, आणि उंच माणसाचे गुडघे वर येतात. तरण्या माणसाला हा फरक जाणवत नाही, साठीच्या पुढच्याला लगेच जाणवतो.

मागे बसणाऱ्याचं कोण बघतं?

आपल्याकडे मागची सीट रिकामी क्वचितच असते. नियमाप्रमाणे दुचाकीला मागच्या माणसासाठी हाताला धरायला दांडी, पायटेकण आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून जाळी असलीच पाहिजे. साडीची जाळी लावलेली आहे ना, हे शोरूममध्येच बघा. नंतर लावतो असं कुणी म्हटलं तर गाडी जाळी लागल्यावरच घ्या.

एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईसाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या. पायटेकणावर अख्खं पाऊल मावतं का? धरायची दांडी बाजूला हाताशी येते, की फक्त पाठीमागे आहे? आणि सीट सपाट आहे की मागे चढत गेलेली? चढत्या सीटवर बसलेलं माणूस प्रत्येक ब्रेकला पुढे घसरतं. रिझ्टाची सीट ९०० मिलिमीटर लांब आहे आणि तिला मागे टेकायला पाठही मिळते. कुटुंबाची गाडी म्हणूनच ती एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आणली गेली. आयक्यूब आणि चेतकच्या सीटही दोघांना पुरतात. पण पुरणं वेगळं आणि मायला विनासायास बसता येणं वेगळं, म्हणून मायला सोबत न्या.

आराम म्हणजे नुसती मऊ सीट नव्हे

शोरूममध्ये बोटानं दाबून मऊ लागणारी सीट अर्ध्या तासानं टोचू लागते, कारण मऊ फोम लगेच दबतो आणि खालचा पत्रा लागतो. थोडी घट्ट सीट लांबवर बरी पडते.

आपल्या रस्त्यांवर खरा आराम चाकं आणि शॉकअपवर ठरतो. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरना १२ इंची चाकं आहेत. डांबरी रस्त्यावर ती छान चालतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत मात्र मडगार्डमध्ये चिखल अडकतो आणि चाक फिरेनासं होतं. तिथे मोठ्या चाकाची गाडी बरी. ज्याला रोज शेतात जायचं आहे त्यानं चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट बोटं घालून मोजावी. दोन बोटंही जात नसतील तर त्या गाडीला शेताच्या वाटेवर नेऊ नका.

आणखी एक फुकटचा उपाय म्हणजे हवा. कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा जास्त हवा भरली की किलोमीटर थोडे वाढतात, पण प्रत्येक खड्डा कंबरेत येतो. हवेचा आकडा गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो, एकटा आणि दोघं असा वेगवेगळा. तोच पाळा.

ताकदीचा हिशेब

इथे माहितीपत्रकं सगळ्यात जास्त घोळ घालतात. आयक्यूबच्या मोटरचा टॉर्क १४० न्यूटन-मीटर लिहिलेला असतो, रिझ्टाचा २२. वाचणाऱ्याला वाटतं, पहिली गाडी सहापट ताकदीची. तसं नाही. आयक्यूबची मोटर मागच्या चाकातच बसवलेली आहे, त्यामुळे तो आकडा थेट चाकाचा. रिझ्टाची मोटर चाकापासून वेगळी आहे आणि तिचा जोर पुढे पट्ट्यातून जाताना कित्येक पटींनी वाढतो, म्हणून तो आकडा मोटरच्या तोंडाशी मोजलेला. वाटेत मोजलेलं पाणी आणि नळाशी मोजलेलं पाणी यांची तुलना करू नये, तसंच हे. किलोवॉटमध्ये बघितलं तर दोघी जवळपास सारख्या आहेत, आयक्यूब जास्तीत जास्त ४.४ आणि रिझ्टा ४.३.

किलोवॉटचेही दोन आकडे असतात. एक काही सेकंद मिळणारी जास्तीत जास्त ताकद आणि दुसरी सतत मिळणारी. चढावर दुसरी कामाला येते. ती विचारून घ्या.

नेमकी किती ताकद लागते? यवतमाळच्या आसपासचा मुलूख टेकड्यांचा. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरू. गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो. ताशी ३० किलोमीटरनं हा चढ चढायचा तर साधारण दीड किलोवॉट सतत लागतात. वर सांगितलेल्या कौटुंबिक स्कूटरना हे जड नाही. ई-लूनाची मोटर सतत १.२ किलोवॉट देते. एक माणूस आणि युरियाचं एक पोतं घेऊन ती असा चढ ताशी पंचविसाच्या आसपास चढून जाईल. घाई नसेल तर तेवढं पुष्कळ.

आता विनापरवाना गाड्यांकडे या. नियमाप्रमाणे मोटर २५० वॉटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर नोंदणी आणि परवाना लागत नाही. सपाट रस्त्यावर एकट्यासाठी हे ठीक. वरच्याच चढावर दोघांना घेऊन ही गाडी ताशी पाच-सहा किलोमीटरवर येते. म्हणजे मागचा माणूस उतरून पायी चालला तरी मागे पडणार नाही. काही दुकानदार अशाच गाड्यांचा वेग वाढवून 'चाळीसनं पळते, लायसन लागत नाही' असं सांगतात. चाळीसनं पळाली की ती त्या सवलतीत बसतच नाही. मग नंबर, विमा, परवाना सगळं लागतं, आणि ते नसताना अपघात झाला तर सगळा भार तुमच्यावर. नोंदणी झालेल्या खाजगी इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी आणि पांढरी अक्षरं असतात. आपल्याकडची असेल तर वर एमएच २९.

ज्यांना थोडा व्यायामही हवा आहे त्यांनी पायडल मारायची ई-सायकल बघावी. पुण्याची ईमोटोरॅड, हिरोची लेक्ट्रो अशा कंपन्या त्या बनवतात. मोटर तीच २५० वॉटची, पण चढावर पायांची मदत मिळते आणि सायकलचं वजन विसेक किलोच असतं. घ्यायचीच तर आपण जिला लेडीज सायकल म्हणतो त्या खाली वाकलेल्या दांडीची घ्या, पुरुषानंही. पन्नाशीनंतर आडव्या दांडीवरून पाय टाकण्यात कसलीही मर्दुमकी नाही.

बॅटरी, ऊन आणि घरची वीज

माहितीपत्रकातल्या किलोमीटरमधून एक तृतीयांश वजा करा, उरेल ते खरं. लोहाऱ्याहून दारव्ह्याला जाऊन परत यायचं तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात. हे महिन्यातून चारदा करावं लागत असेल तर तीन-साडेतीन युनिटची, म्हणजे तेवढ्या किलोवॉट-अवरची बॅटरी घ्या. फक्त यवतमाळ आणि एमआयडीसी असेल तर दोन-सव्वादोन युनिटची पुरते. मोठी बॅटरी म्हणजे जास्त पैसे आणि जास्त वजनही. तेच वजन तुम्हाला रोज मेन स्टँडवर चढवायचं आहे.

तीन युनिटची बॅटरी पूर्ण भरायला गळती धरून साडेतीन युनिट वीज लागते. आठ रुपये दर धरला तर अठ्ठावीस रुपये. तुमचा खरा दर महावितरणच्या बिलावर बघा. चार्जर लावायच्या आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर काही चार्जर चालूच होत नाहीत, आणि चालू झाले तरी ते धोक्याचंच. घर वरच्या मजल्यावर असेल किंवा गाडीपाशी बोर्ड नसेल तर बॅटरी काढून नेता येणारी गाडी घ्या. हिरोची विडा तशी मिळते. मात्र ती बॅटरी दुकानातच हातात उचलून बघा. रोज जिना चढून न्यायची आहे.

आपल्याकडचा मे महिना ४४-४५ अंशांचा. दुपारी उन्हातून आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नका. तासभर सावलीत थंड होऊ द्या, रात्री लावली तर उत्तम. २०२२च्या उन्हाळ्यात देशात काही इलेक्ट्रिक गाड्या पेटल्यावर सरकारनं बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले. नव्या नियमाचं नाव एआयएस १५६. घेत असलेली बॅटरी त्यात बसते का, हे विचारायला लाजू नका.

शोरूममधला अर्धा तास

गाडी पसंत पडली की पैशांचं बोलण्याआधी एवढं करा.

१. गाडी बंद ठेवून पाच वेळा चढा, पाच वेळा उतरा. पाचव्या वेळी गुडघा काय म्हणतो ते ऐका.

२. स्वतःच्या हातानं मेन स्टँडवर लावा. शोरूमच्या पोराला मदत करू देऊ नका, तो घरी येणार नाही.

३. गाडीवर बसून पायांनी मागे ढकला. ११५-१२० किलोची गाडी उतारावरून मागे घेणं जड जातं. आयक्यूब, चेतक, रिझ्टा यांच्यात रिव्हर्सची सोय आहे, ती वापरून बघा.

४. मागच्या माणसाला बसवून अगदी हळू वळण घ्या. पाय टेकावा लागला तर का टेकावा लागला ते बघा.

५. दोघं बसून चढावर थांबा आणि तिथूनच गाडी उचला. मागे घरंगळते का, झटका देते का?

६. चकचकीत रस्त्यावर फेरी मारून परतू नका. गतिरोधक आणि गिट्टीचा एखादा तुकडा असलेला रस्ता मागा.

७. पंक्चर झालं तर काय करायचं ते विचारा. चाकात मोटर असेल तर ते चाक काढणं कुठल्याही टपरीवाल्याचं काम नाही. ट्यूबलेस टायर असेल तर चाक न काढता पंक्चर निघतं.

८. दुरुस्तीचं केंद्र यवतमाळात आहे का, की अमरावती-नागपूर गाठावं लागेल, हे केंद्रावर जाऊन स्वतः बघा.

किमतीचा आकडा 'ऑन रोड' लेखी घ्या. केंद्राचं पीएम ई-ड्राइव्ह अनुदान ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं आणि त्याचा दर नंतर कमी होत गेला. राज्याचं नवं ईव्ही धोरण २०२५ सालचं आहे. त्या दिवशी प्रत्यक्ष किती रक्कम वजा होते, ती बिलावर वेगळी दाखवायला सांगा. बॅटरीची वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते, जादा पैसे भरून काही कंपन्या ती आठ वर्षांपर्यंत वाढवतात. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर हा खर्च वाया जात नाही.

आमची गाडी तिसऱ्या फेरीत ठरली. माझी बायको चालवणार होती, म्हणून माप तिचं घेतलं, आणि मागे बसून बघितलं मायनं. कोणती घेतली ते सांगत नाही. तुमच्या घरची माणसं वेगळी, त्यांचे गुडघे वेगळे. पण एक युक्ती सांगतो, तिला पैसे पडत नाहीत. घरापुढे ओटा आहे ना? गाडी त्याला लगटून मेन स्टँडवर लावायची. ओट्याची वीतभर उंची तेवढी पायटेकणातून वजा होते. माय आता ओट्यावरून सरळ सीटवर बसते, दांडी धरते आणि म्हणते, "चाल बाबू."